हिवाळे मॅडमचा बोलता वर्ग

दैवशाला हिवाळे यांच्याबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही नऊ वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. तेवढ्या काळात त्यांच्या चहात साखर किती लागते हे मला कळलं. त्यांना दिसत नाही, हे कळलं नाही. ओळख किती होती ते यातच आलं.

गेल्या महिन्यात प्रितमचा फोन आला. हा त्यांचा जुना विद्यार्थी, आता मोंढ्यात आडतीच्या दुकानात कामाला आहे. म्हणाला, "सर, हिवाळे मॅडम वारल्या. नाशिकला, भावाकडं. सकाळी उठल्याच न्हाईत."

मी विचारलं, "कोण हिवाळे?"

अख्ख्या परतुरात मी एकाच हिवाळे मॅडमना ओळखत होतो, तरी विचारलं. प्रितम म्हणाला, "आपल्या, सर. इंग्रजीच्या." त्या एकेचाळीस वर्षांच्या होत्या. मी एकोणसत्तर. फोन ठेवून मी तांदळाचं ताट पुन्हा पुढे ओढलं आणि निवडून झालेले तांदूळच परत निवडत बसलो. रमाबाईंनी, म्हणजे माझ्या पत्नीने, कुणाचा फोन म्हणून विचारलं. मी म्हटलं, कुणाचा नाही.

मुलं त्यांच्या आठवणींचं एक लहान पुस्तक काढणार आहेत. प्रितमने मला दोन पानं मागितली. मी लिहीत नाही, असं सांगून पाहिलं. तो म्हणाला, "तुम्ही न्हाई तर कोण लिहिणार सर? तुम्ही तर शेजारीच बसत होते." म्हणून लिहितो आहे. चूक असेल तिथे मुलांनी दुरुस्त करावं, ती त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखत होती.

मी तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. २०१४ साली निवृत्त झालो आणि परतुरातल्याच एका लहान विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून बसू लागलो. ग्रंथालय म्हणजे चार कपाटं आणि एक टेबल. त्याच महिन्यात हिवाळे मॅडम तिथे तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवायला आल्या. स्टाफरूममध्ये खुर्च्या कमी, म्हणून त्या ग्रंथालयात बसायच्या. वडील पुंजाराम कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, ते वारलेले. आई मालनबाई आणि त्या दोघीच रेल्वे स्टेशनच्या बाजूला राहत. लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही.

त्यांचा बारावीचा वर्ग ग्रंथालयाला लागूनच होता. मधली भिंत पातळ. त्यांचा तास सुरू झाला की मला वर्तमानपत्रसुद्धा वाचता येत नसे. मी स्वतः शिकवायचो ते लिहून द्यायचो. मी सांगायचं, मुलांनी उतरवायचं, परीक्षेत तेच उतरायचं. हिवाळे मॅडम फळ्यावर एक अक्षर लिहीत नसत. पुस्तकही क्वचित हातात घेत. मुलं धडा मोठ्याने वाचत आणि मग त्यावर भांडत. कुणी काही बोललं आणि दुसऱ्याला पटलं नाही, तर त्याने कोर्टातल्यासारखं "हरकत" म्हणायचं. पण नुसतं म्हणून चालत नसे, कारण द्यावं लागे.

कादंबरीतला एक उतारा होता. समुद्रातल्या दीपगृहाचा रखवालदार वादळात आलेल्या सख्ख्या भावाला दार उघडत नाही, एवढीच गोष्ट. आमच्या मुलांपैकी कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. भिंतीपलीकडून ऐकलेलं मला अजून आठवतं.

"तो भित्रा हाय, मॅडम," आर्यन नावाचा मुलगा म्हणाला.

"हरकत." ही भावना. पॅसेंजरने रोज येणारी, बारीक अंगाची मुलगी.

"कारण?" मॅडमनी विचारलं.

"भित्रा असता तर दिवा इझवून झोपला असता. दिवा चालू ठेवला न त्यानं. भावाला वाट दिसावी म्हणून."

"मंग दार का न्हाई उघडलं?" आर्यन म्हणाला.

"राग हाय त्याला. माझ्या बापाचं न चुलत्याचं तसंच हाय. एकमेकाला बोलत न्हाईत, पण आमचा बाप पाणी सोडला की चुलत्याचं रान बी भिजू देतो. वरून म्हणतो, बांध फुटला."

वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, "हेच आता इंग्रजीत सांग. बांधासकट." आणि ती मुलगी अडखळत, शब्दाशब्दाला थांबत ते इंग्रजीत सांगू लागली. बाकीचे शब्द पुरवत होते. मला तो निव्वळ गोंगाट वाटे. परीक्षा जवळ आली की ही मुलं काय लिहिणार, असं मी मनात म्हणे. निकाल मात्र दरवर्षी इंग्रजीचाच चांगला लागे. मी ते नशिबावर घालत असे.

आणखी एक सांगितलं पाहिजे. मी त्यांना गर्विष्ठ समजत होतो. व्हरांड्यात समोरून आल्या तरी त्या आपणहून नमस्कार करत नसत. एका दिवाळीला मी हात जोडले, त्या सरळ पुढे निघून गेल्या. मी कुणाला बोललो नाही, पण ते दोन वर्षं मनात धरून ठेवलं. मी बोललो की मात्र लगेच हसून बोलायच्या. तेव्हा मला वाटे, बाई लहरी आहे. चहा आणणारी शिपाई बेबीनंदा कप नेहमी त्यांच्या उजव्या हाताशीच ठेवायची आणि बशी टेबलावर जरा आपटायची. मी तिला एकदा दोनदा रागावलोसुद्धा, हळू ठेवत जा म्हणून.

२०२३ च्या जानेवारीत बारावीची सराव परीक्षा झाली. एका दुपारी साडेचारच्या सुमाराला मी ग्रंथालय बंद केलं आणि किल्ली द्यायला निघालो. प्रयोगशाळेतून आवाज येत होता. दारात गेलो. आत भावना एकेक उत्तरपत्रिका मोठ्याने वाचत होती. मॅडम ऐकून गुण सांगत होत्या आणि ती मुलगी लाल पेनाने ते गुण लिहीत होती.

मला राग आला. बारावीची पोर बारावीचे पेपर तपासते आहे, हे मी माझ्या नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. मी दारात उभा राहिलो. मॅडमचं तोंड दाराकडे होतं. आमच्यात चार हातांचंही अंतर नसेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मला तसं वाटलं, आणि भावनाला विचारलं,

"वालूरकर सर गेले का लायब्ररी बंद करून?"

वालूरकर म्हणजे मी. भावनाने मान वर केली.

"न्हाई मॅडम," ती म्हणाली, "सर इथंच उभे हायत. दारात."

मला काही कळतच नव्हतं. मॅडमचे डोळे अजून माझ्यावरच होते, किंवा माझ्या खांद्यावर, किंवा चौकटीवर. त्यांनी हातातली पट्टी टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "या सर. बसा. डाव्या हाताला स्टूल आहे."

मी बसलो. लहानपणी दिवेलागणीला आपण भिंत धरून चालायचो, असं त्यांनी सांगितलं. आई म्हणायची रातआंधळेपणा आहे, गाजर खा. बीएला असताना दोन्ही बाजूंचं दिसायचं बंद झालं. जालन्याच्या डॉक्टरने सांगितलं, यावर औषध नाही, हे वाढत जाणार. आता समोर चिमटीएवढं उरलं होतं, तेही धुकट. अक्षरं जाऊन चार वर्षं झाली होती. जूनमध्ये मुलंच सगळं पुस्तक वाचून फोनमध्ये भरून देत आणि त्या ते पाठ होईपर्यंत ऐकत.

"कुणाला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"तासिकेवरच्या बाईला कोण ठेवील सर? परमनंट असते तर अपंगांसाठीचा सरकारी कागद तरी पाठीशी होता. आम्हाला काय, तोंडी या म्हणतात, तोंडी जा म्हणतात." मग म्हणाल्या, "एकवीस फेब्रुवारीला इंग्रजीचा पेपर आहे. त्रेचाळीस पोरं आहेत. तेवढा पेपर होऊ द्या. मंग मी स्वतः सचिवांना सांगते आणि जाते. तोवर गप बसाल का?"

मी हो म्हटलं. शब्द दिला.

बाहेर आल्यावर मी भावनाला गाठलं. म्हटलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी दिवस कुणीकडून उगवतो ते विचारतो आहे. "सर, सगळ्यायलाच माहीत हाय."

"सगळ्यांना म्हणजे?"

"वर्गाला. अकरावीत आलं की पहिल्याच हप्त्यात बारावीचे सांगतात. दोन बेंचच्या मधी दप्तर ठेवायचं न्हाई. हात वर करायचा न्हाई, आपलं नाव घेऊन बोलायचं. खुर्ची सरकवली तर परत जागेवर ठेवायची. घरी सांगायचं न्हाई." मग तिला काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, "अन् सरायला सांगायचं न्हाई."

मी तिथेच पायरीवर बसलो. निदान चार वर्षं, दरवर्षी पन्नास-पन्नास मुलं. गल्लीत कुणाची कोंबडी कुठे अंडं घालते ते सांगत फिरणारी ही पोरं. त्यांच्यापैकी एकानेही तोंड उघडलं नव्हतं. बेबीनंदाला माहीत होतं. म्हणून ती बशी आपटत होती. महाविद्यालयात माहीत नसलेले आम्ही मास्तर लोक, आणि त्यात मॅडमसमोर बसणारा मी.

आता पुढचं लिहायला नको वाटतं, पण तेच लिहायला हवं.

सत्तावीस जानेवारीला बोर्डाच्या परीक्षेच्या पर्यवेक्षणाची यादी लागली. हिवाळे मॅडमचं नाव दुसऱ्या केंद्रावर होतं. पर्यवेक्षकाला प्रत्येक मुलाचा बैठक क्रमांक तपासावा लागतो, उत्तरपत्रिकेवर बारकोड बरोबर जागी चिकटला की नाही ते पाहावं लागतं, सह्या कराव्या लागतात. मी त्यांना यादी वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "बघू. आजारी पडते त्या दिवशी." मला ते काही पटलं नाही. आजारी पडलं तर दाखला मागतील, दाखला मागितला तर तपासणी होईल, असं सगळं माझ्या डोक्यात फिरू लागलं. संस्थेचे सचिव माझ्या ओळखीचे. माणूस समजूतदार. मला वाटलं, त्यांनाच सरळ विनंती केली तर काम होईल.

मी आयुष्यात आपणहून कुणासाठी काही लिहिलं नव्हतं. त्या दिवशी घरी बसून अर्ज लिहिला. दोनदा खाडाखोड केली, तिसऱ्यांदा चांगल्या कागदावर उतरवला. "सदर शिक्षिका अत्यंत कर्तव्यदक्ष असून, केवळ दृष्टीच्या अडचणीमुळे त्यांना पर्यवेक्षणाच्या कामातून सूट मिळावी." खाली माझी सही.

सचिव जागेवर नव्हते. कागद त्यांच्या टेबलावर ठेवून यायला हवा होता, किंवा खिशात घालून परत यायला हवं होतं. पण तेहतीस वर्षांची सवय. आवक क्रमांक पडला नाही तर कागद दिला असं आम्हा लोकांना वाटत नाही. मी तो लिपिकाकडे दिला, आवक नोंदवहीत नोंदवून घेतला, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून मागितला. शिक्का नीट उमटला नाही म्हणून पुन्हा मारायला लावला.

दुसऱ्या दिवशी सचिवांनी बोलावलं.

"मास्तर," ते म्हणाले, "हे काय करून बसलात? तोंडी सांगितलं असतं तर मी ऐकलं न ऐकलं केलं असतं. बाईचा निकाल चांगला, मला काय पडलंय? तुम्ही आवक टाकून ठेवली. उद्या बोर्डानं विचारलं, तुम्हाला लेखी कळवलं होतं, तरी ठेवलं कसं? आता कागदावर कागद काढावा लागतो."

"तो कागद परत घेतला तर?"

"नोंदवहीचं पान फाडू का?"

एक फेब्रुवारीला हिवाळे मॅडमना कार्यमुक्त केल्याचं पत्र निघालं. पेपरला वीस दिवस होते.

त्या ग्रंथालयात आपलं सामान घ्यायला आल्या, तेव्हा मी टेबलाशी बसलो होतो. एकट्याच आल्या. खण उघडला, डबा घेतला, फोनची तार घेतली, एक रुमाल होता तो घडी करून पिशवीत टाकला. मी हललो नाही. श्वासही हळू घेतला. मी तिथे आहे हे त्यांना माहीत नव्हतं, असं मला वाटलं, आणि मी त्याचा फायदा घेतला. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. त्या टेबलाच्या कडेवरून हात फिरवत दारापर्यंत गेल्या आणि गेल्या.

इंग्रजीचा तास मला दिला. मी वर्गात गेलो तर त्रेचाळीस मुलं एका आवाजात उभी राहिली आणि बसली. मी एका कवितेचं रसग्रहण सांगायला सुरुवात केली. म्हातारा शेतकरी रस्त्याच्या कामात जाणारं झाड तोडू देत नाही, अशी ती कविता. मुलं खाली मान घालून लिहीत होती. नऊ वर्षांत त्या वर्गात पहिल्यांदा पंख्याचा आवाज ऐकू आला. तिसऱ्या दिवशी आर्यन उभा राहिला.

"आर्यन बोलून राह्यलो सर," तो म्हणाला. सवयीनं नाव घेतलं असावं. "हरकत आहे."

"कशाला?"

"तुम्ही सांगितलं, म्हाताऱ्याला दुःख झालं. कोणत्या ओळीत?"

मी कविता वरून खाली वाचली. पुन्हा वाचली. कोणत्याच ओळीत नव्हतं. ते मी सतरा साली ग्रंथालयासाठी विकत आणलेल्या एका गाइडात होतं.

"न्हाई ना सर," आर्यन म्हणाला. चेष्टा नव्हती त्याच्या आवाजात. "तो तर भांडून राह्यला शेवटपर्यंत. मजा येऊन राह्यली त्याला." तो खाली बसला आणि पुन्हा लिहू लागला, मी जे सांगितलं होतं तेच.

चौथ्या दिवशी वर्गात नऊ मुलं होती. मी भावनाच्या मैत्रिणीला विचारलं, बाकीची कुठे आहेत. ती म्हणाली, "विहारात."

परतुरात माझा जन्म गेला, पण बुद्धविहाराच्या गल्लीत मी एकदाच गेलो होतो, मतदार यादीच्या कामाला. त्या दिवशी दुसऱ्यांदा गेलो. लांबूनच तो गोंगाट ऐकू आला. दारात एक म्हातारी बाई झाडू घेऊन उभी होती. त्या मालनबाई.

"अर्जवाले सर तुम्हीच का?" त्यांनी विचारलं.

"आई," आतून मॅडमचा आवाज आला.

"मी काय म्हणलं? नाव इचारून राह्यले." मग मला म्हणाल्या, "चपला तिकडं काढा. पाय पुसा. आत्ताच झाडलंय."

आत सतरंजीवर चौतीस मुलं होती. मॅडम भिंतीला टेकून बसल्या होत्या. भावनाने सांगितलं, "वालूरकर सर आलेत."

मी उभ्या उभ्या म्हणालो, "मॅडम, तो अर्ज..."

"बेबीनंदानं वाचून दाखवला मला," त्या म्हणाल्या. "चांगला लिहिलाय. 'अत्यंत कर्तव्यदक्ष' म्हणलंय. नऊ वर्षांत तोंडावर कधी म्हणला न्हाईत."

मुलं हसली. मला हसता आलं नाही.

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"चुकलं," त्या म्हणाल्या. "आता सोळा दिवस राहिले. ह्या पोरांना बोलता येतं, लिहिताना काय करून राह्यले ते मला दिसत न्हाई. आर्यन अर्धा तास बोलतो अन् तीन ओळी लिहितो. तुम्ही लिहून घ्या त्यांच्याकडून आणि मला वाचून दाखवा. जमंल?"

"जमेल."

"आणि हळू वाचा. सगळ्यांना कळायला पाहिजे आपण काय लिहिलं ते."

सोळा दिवस मी रोज दुपारी तिथे गेलो. मुलं लिहीत, मी एकेक वही घेऊन मोठ्याने वाचे, आणि ज्याची वही त्यालाच त्या विचारत, "हेच म्हणायचं होतं का तुला?" तो म्हणे, न्हाई मॅडम. "मंग काय म्हणायचं होतं?" तो सांगे. "हां. आता तेच लिही. आपल्याच उत्तरावर हरकत घ्यायची. तोंड मिटून." मी तेहतीस वर्षांत हजारो वह्या तपासल्या असतील. कुणाला असं एकदाही विचारलं नव्हतं. मधूनच त्या मला म्हणत, "सर, तुमचं काय मत?" आणि मी काहीतरी पुटपुटलो की चौतीस तोंडं एकदम म्हणत, हरकत. मालनबाई दारातून म्हणत, "हाणा त्यास्नी."

पेपरच्या आदल्या दिवशी काही मुलं हॉल तिकीट घेऊन राजूरच्या गणपतीला जाऊन आली, काहींनी विहारातच मेणबत्ती लावली. मॅडमनी दोन्हीकडच्यांना एकच सांगितलं, दोन पेनं ठेवा.

एकवीस तारखेला त्या केंद्राच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीशी येऊन बसल्या. आपण कुठे बसतो हे मुलांना माहीत असलं की झालं, असं म्हणाल्या. मी शेजारी बसलो. तीन तास आम्ही फार बोललो नाही. दोन वाजता मुलं सुटली आणि सरळ टपरीकडे आली. एकेकाने आपलं नाव सांगून पेपर सांगायला सुरुवात केली. कादंबरीचा उतारा कोणता आला, कवितेत काय विचारलं, कुणी काय लिहिलं. त्या मान हलवत ऐकत होत्या, आणि चार बोटं मांडीवर टेकत होत्या, प्रश्नांचे गुण मोजत असाव्यात.

"आर्यन बोलून राह्यलो मॅडम," आर्यन म्हणाला. "सुपरव्हायझर माझ्यापाशी येऊन म्हणले, ओठ हलवू नको. मी म्हणलं, सर, हरकत घेऊन राह्यलो."

"मंग?"

"ते म्हणले, मुकाट्यानं घे."

तेव्हा त्या हसल्या. इतक्या मोठ्याने हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

निकाल मे महिन्यात लागला. त्रेचाळीसपैकी बेचाळीस इंग्रजीत पास झाले, उरलेला जुलैच्या फेरपरीक्षेत निघाला. मॅडम तोवर परतुरात नव्हत्या. पेपर झाल्यावर आठवड्यातच भाऊ येऊन दोघींना नाशिकला घेऊन गेला. तिथे त्या आंधळ्या मुलींच्या वसतिगृहात शिकवत, असं मला आत्ता, त्या वारल्यावर कळलं. त्यांचा नंबर माझ्याजवळ होता. अडीच वर्षांत मी तो बऱ्याचदा काढून पाहिला. काय बोलायचं ते ठरत नसे, म्हणून ठेवून द्यायचो. ठरवून बोलायची काय गरज होती, हे आता वाटतं.

म्हणजे त्या टपरीवरच आमचं शेवटचं बोलणं झालं. मुलं एकेक करून निघाली. पॅसेंजरची मुलं स्टेशनकडे पळाली, भावना वळून वळून काहीतरी ओरडत होती. बाकावर आम्ही दोघंच राहिलो. त्यांनी पिशवी मांडीवर ओढली.

"आता कोण राहिलं सर?"

"कुणी नाही. सगळी गेली."

"आर्यन?"

"तोही गेला."

"बरं. तुम्ही जेवलात का?"

"अजून नाही."

"मंग जा की. वहिनी थांबल्या असतील."

"तुम्ही?"

"आई येऊन राह्यली. जा तुम्ही."

"बरं. येतो."

"या."